फेरातली गाणी आणि वुक कराजिच

श्रावणात मंगळागौरीची रात्र जागवताना, किंवा आश्विनात हस्ताचा पाऊस सुरू झाला की पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरताना आपण जी गाणी म्हणतो, ती कोणी रचली हे आपल्यापैकी एकीलाही सांगता यायचे नाही. आईने म्हटली म्हणून लेकीने म्हटली, सासूबाईंच्या तोंडी होती म्हणून सुनेने उचलली, एवढाच त्यांचा इतिहास. त्यांच्याखाली कवी म्हणून कोणाचे नाव नाही, आणि ती लिहून ठेवण्याच्या योग्यतेची आहेत असे शहाण्यासुरत्या मंडळींना फार दिवस वाटलेही नाही. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात, बाल्कनच्या डोंगराळ मुलुखात सर्बिया नावाचा एक लहानसा देश आहे. तेथल्या बायकांच्या गाण्यांचीही दीडदोनशे वर्षांपूर्वी हीच गत होती. ती ज्याने पालटली त्या वुक कराजिच नावाच्या लंगड्या, चिवट आणि थोड्याशा भांडखोर गृहस्थाचे चरित्र भगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आधी तेथल्या फेराविषयी थोडे सांगितले पाहिजे. सर्बियन लोक आपल्या फेराला कोलो म्हणतात. कोलो म्हणजे चाक. बायका आणि पुरुष हातात हात गुंफून, काही ठिकाणी शेजारणीचा कमरपट्टा धरून, रांगेने वर्तुळात फिरतात. हे वर्तुळ बहुधा पुरते मिटत नाही. एका टोकाला म्होरक्या असतो, आणि त्याने पाऊल टाकावे तसे बाकीच्यांनी टाकायचे. कमरेच्या वरचे अंग जवळजवळ स्थिर आणि सारी करामत पावलांची, हा त्यातला विशेष. अंगात लांब पांढरा झगा, त्यावर भरतकामाची बिनबाह्यांची चोळीवजा बंडी, पुढे लोकरीचे विणलेले रंगीत ओटीवस्त्र, पायांत नक्षीचे लोकरी मोजे आणि टोक वर वळलेल्या चामडी वहाणा, असा बायकांचा थाट. जुन्या काळी पुष्कळदा वाद्य नसेच. नाचणाऱ्या मुलीच गात, आणि गाण्याच्या ठेक्यावर पाऊल पडे. सण असो, लग्न असो, देवळापुढची जत्रा असो, कोलोवाचून ती पुरी होत नाही. २०१७ साली युनेस्कोने जगाच्या सांस्कृतिक ठेव्याच्या यादीत कोलोचे नाव घातले, तेव्हा पुष्कळांना तो देश नव्याने कळला. पण या फेरातली आणि उंबऱ्याआतली गाणी पहिल्यांदा मोठ्या संख्येने कागदावर आली ती वुक यांच्यामुळे.

१७८७ सालच्या नोव्हेंबरात द्रीना नदीच्या खोऱ्यात, लोझनित्सा गावाजवळच्या त्रशिच या खेड्यात त्यांचा जन्म झाला. त्या वेळी सर्बियावर तुर्की सुलतानाचा अंमल होता. वडील स्टेफान शेतकरी, आईचे नाव येग्दा. या जोडप्याची आधीची मुले जगली नव्हती. म्हणून नव्या बाळाचे नाव ठेवले वुक, म्हणजे लांडगा. लहान मुले खाणाऱ्या चेटकिणी लांडग्याच्या वाटेस जात नाहीत, अशी तिकडची समजूत. आपल्याकडे मूल जगत नसले की धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. आईच्या काळजाचे भय सगळीकडे सारखे, फक्त आम्ही मुलाला कवडीमोल ठरवून मृत्यूची नजर चुकवायला पाहिली आणि त्यांनी त्याला हिंस्र ठरवून. मोठेपणी वुक यांनी जो शब्दकोश केला त्यात या शब्दाखाली ही समजूत त्यांनी नोंदवली आहे, आणि आपल्यालाही हे नाव त्याच कारणाने मिळाले हेही तेथेच सांगून टाकले आहे.

त्या टापूत लिहिता-वाचता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. येवता साविच नावाचा एक नातलग थोडा शिकलेला होता, त्याने पोराला अक्षरे शिकवली. शाई नव्हती म्हणून बंदुकीची दारू पाण्यात कालवून ती वापरीत, आणि कागद म्हणून काडतुसांची वेष्टने. पुढे लोझनित्साच्या शाळेत आणि मग जवळच्या त्रोनोशा मठात त्याला घातले. मठातल्या साधूंनी शिकवण्याऐवजी पोराला गुरांमागे पाठवले. तेव्हा बाप म्हणाला, गुरेच राखायची तर घरची काय वाईट, आणि मुलाला परत घेऊन आला. त्यामुळे वुकचे खरे शिक्षण झाले ते घरी, हिवाळ्याच्या रात्री चुलीभोवती. तेथे वडीलधारे पुरुष वीरगाथा म्हणत आणि बायका सूत काढता काढता आपली गाणी. मुलाची स्मरणशक्ती दांडगी होती. जे कानावर पडले ते राहिले.

१८०४ साली काराजॉर्जे या पुढाऱ्याच्या हाताखाली सर्ब शेतकऱ्यांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला. सतरा वर्षांचा वुक लढवय्यांचा कारकून झाला, कारण त्यांच्यात लिहिता येणारा तोच. मध्ये तो ऑस्ट्रियाच्या हद्दीत कार्लोव्हत्सी येथे शिकायला गेला, पण तेथल्या विद्यालयाच्या दृष्टीने त्याचे वय उलटून गेले होते. बेलग्रेडला १८०८ साली उच्च शाळा निघाली तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता. आता शिक्षणाची घडी बसली असे वाटते न वाटते तोच सांध्यांचे दुखणे जडले. नोव्ही साद आणि पेस्त येथे उपचार झाले, उपयोग झाला नाही. डावा पाय गुडघ्यात आखडला तो कायमचा. तेविशीच्या आतबाहेर असलेल्या तरुणाला लाकडी पायाचा आधार घेऊन चालावे लागले, तो आधार जन्मभर सुटला नाही. पुढे वुक यांनी या व्यंगाचे कौतुकच केले. पाय धड असता तर आपण कोठेतरी लढाईत कापले गेलो असतो. या काठीने आपल्याला एका जागी बसवले आणि लिहायला लावले, असे ते म्हणत.

१८१३ साली उठाव मोडला. तुर्कांच्या सूडातून जे निसटू शकले ते नदी ओलांडून ऑस्ट्रियात गेले, त्यांत वुक होते. ते व्हिएन्नाला पोचले. परकी राजधानी, खिशात पैसा नाही, भाषा अर्धवट येते. तेथे त्यांना येरनेय कोपितार भेटले. हे स्लोव्हेन विद्वान सरकारातर्फे स्लाव्ह भाषांतल्या पुस्तकांची तपासणी करीत. वुक यांनी लिहिलेला एक लेख त्यांच्या हाती पडला, आणि ज्या तऱ्हेची सर्बियन भाषा विद्वानांच्या पुस्तकांत कधी दिसत नाही ती त्यांना त्यात दिसली. त्या काळी शिकलेले सर्ब जी भाषा लिहीत ती धर्मग्रंथांची जुनी स्लाव्हिक, थोडी रशियन आणि थोडी बोली यांची खिचडी होती. शेतकऱ्याला ती कळत नसे, आणि बायकांना तर मुळीच नाही. खेड्यातल्या बोलीला हे लोक गुराख्यांची भाषा म्हणत. कोपितार यांनी वुक यांना सांगितले की ह्याच भाषेचे व्याकरण लिहा, कोश करा आणि गाणी गोळा करा.

गाणी गोळा करायला जायचे कोठे? मायदेशी परतायची सोय नव्हती. तेव्हा वुक यांनी आठवणीलाच हात घातला. लहानपणी चुलीशी, शेतात, कोलोच्या फेरात ऐकलेली गाणी त्यांनी व्हिएन्नातल्या खोलीत बसून उतरवून काढली आणि १८१४ साली त्यांची एक छोटी पुस्तिका छापली. तिच्यात शंभराच्या घरात गाणी बायकांची आहेत आणि वीरगाथा अगदी मोजक्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सर्ब लोकगीते म्हटली की सगळे जग वीरगाथांचेच नाव घेते. पण घरदार सोडून आलेल्या सत्तावीस वर्षांच्या माणसाला पहिल्याने आठवली ती आयाबहिणींची गाणी. त्याच वर्षी त्यांनी बोलभाषेचे पहिले व्याकरणही काढले.

१८१५ साली दुसरे पुस्तक निघाले. त्यात मिरेत्स्की या पोलिश संगीतकाराने बसवलेल्या सहा गाण्यांच्या चालीही छापल्या होत्या. पुढे संग्रह वाढत गेला तशी वुक यांनी गाण्यांची दोन दालने केली. गुसले वाजवून पुरुष म्हणतात त्या वीरगाथा, आणि बाकी सारी बायकांची गाणी. गुसले हे घोड्याच्या केसांच्या एकाच तारेचे, धनुकलीने वाजवायचे वाद्य. बायकांची गाणी असे नाव दिले तरी ती तरुण पुरुषही म्हणतात हे वुक यांना ठाऊक होते. त्यांनी केलेला भेद मोठा मार्मिक आहे. वीरगाथा म्हणायची ती दुसऱ्याने ऐकावी म्हणून. बायकांचे गाणे म्हणायचे ते स्वतःच्या मनासाठी. म्हणून पहिल्या प्रकारात शब्दांना महत्त्व आणि दुसऱ्यात चालीला. जात्यावर बसलेल्या आपल्या आजीची ओवी कोण ऐकत होते? तिच्याविषयीही याहून नेमके काही सांगता येईल असे वाटत नाही.

वीरगाथा मिळवताना त्यांना काय काय सोसावे लागले त्याच्या हकिकती गमतीच्या आहेत. मुशित्स्की नावाचे एक कविमनाचे मठाधिपती शिशातोवात्स येथील मठात होते. त्यांच्या आसऱ्याने वुक यांनी १८१५ साली दोन मोठे गायक गाठले. एक तेशान पोद्रुगोविच. हा धिप्पाड गडी पूर्वी डोंगरात तुर्कांशी लढणारा बंडखोर होता. तो गाणी गात नसे, नुसती सांगे. विनोदी कथा सांगतानाही चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे. दुसरा फिलिप विश्निच, बोस्नियाचा. लहानपणी देवीच्या रोगाने त्याचे डोळे गेले होते. ताज्या उठावाची गाथा रचणारा हाच. आणखी एक म्हातारा होता मिलिया, डोक्यावर तलवारीच्या जखमांचे व्रण असलेला. प्लमची दारू पोटात गेल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द निघेना, आणि गेल्यावर त्याला धड आठवेना. त्याच्याकडून चार गाथा उतरवून घ्यायला वुक यांना पंधरा दिवसांवर घालवावे लागले. पण त्या चारांतल्या एकदोन गाथा सर्ब साहित्याची भूषणे ठरल्या.

या पुरुषांची नावे तिकडच्या शाळेतल्या मुलालाही पाठ असतात. पण गाथा सांगणाऱ्यांत बायकाही होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा आंधळ्या. त्या काळी दृष्टी नसलेल्या बाईला पोटासाठी दुसरा मार्ग नव्हता. मठांच्या आणि जत्रांच्या दारी गाणी म्हणत त्या भीक मागत. झेमून येथे झिवाना नावाची अशी एक गायिका राहत असे. तिने येत्सा नावाच्या दुसऱ्या आंधळ्या बाईलाही आपली विद्या शिकवली. यादर प्रांताची स्तेपानिया अशी आणखी एक. यांच्याकडून वुक यांनी गाथा घेतल्या आणि आंधळी झिवाना, आंधळी येत्सा अशी त्यांची नावे पुस्तकात घातली. एकीचे मात्र नाव राहिले. ग्रगुरेवत्सी गावची आंधळी बाई, एवढीच तिची नोंद. तिच्या गाथा मुशित्स्की यांनी वुक यांना मिळवून दिल्या, आणि त्यांत कोसोवोच्या कुमारिकेची गाथा होती.

१३८९ साली कोसोवोच्या माळावर सर्ब आणि तुर्क यांची मोठी लढाई झाली. सर्ब लोकांच्या मनात तिचे स्थान आपल्याकडे पानिपताचे आहे तसे. लढाईच्या दुसऱ्या सकाळी एक तरुण मुलगी बाह्या सावरून, खांद्यावर भाकरी आणि हातांत पाणी नि मद्य यांच्या सुरया घेऊन त्या माळावर फिरते. जखमी दिसला की त्याला धुते, पाजते, भरवते. ती तिघांना शोधते आहे. लढाईला जाताना एकाने तिला आपला अंगरखा दिला होता, एकाने अंगठी, आणि एकाने ओढणी. त्या तिसऱ्याशी तिचे लग्न व्हायचे होते. जखमांनी जर्जर झालेला एक वीर तिला त्या तिघांची प्रेते कोठे पडली आहेत ते दाखवतो आणि घरी जायला सांगतो. गाथा एवढीच. चित्रकार उरोश प्रेदिच यांनी १९१९ साली, पहिले महायुद्ध नुकतेच संपले असताना, याच प्रसंगाचे चित्र काढले आणि ते घरोघर पोचले. लढाईच्या गाथा पुरुषांनी रचल्या. लढाईनंतर सकाळी माळावर काय असते ते या आंधळ्या बाईच्या गाथेत उरले. भीक मागणाऱ्या त्या बाईचे नाव विचारायचे कसे सुचले नाही, याचे मनाला वाईट वाटते. वुक तेथे प्रत्यक्ष नव्हते, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

१८१८ साली त्यांचा सर्बियन शब्दकोश प्रसिद्ध झाला. शब्द सव्वीस हजारांवर, अर्थ जर्मन आणि लॅटिन भाषांत. आपला मोल्सवर्थसाहेबांचा मराठी कोश १८३१ सालचा, म्हणजे यानंतर तेरा वर्षांनी निघालेला. पण वुक यांचा कोश नुसता अर्थ सांगून थांबत नाही. लग्नाचा शब्द आला की लग्नाची रीत सांगतो, सणाचा आला की सण वर्णन करतो, पायातल्या वहाणेपासून बायकांच्या शिरोभूषणापर्यंत खेड्यातला संसार त्यात मांडलेला आहे. दोदोले हा शब्द पहा. पावसाने ओढ दिली की गावच्या मुली एकत्र येतात, एका मुलीला गवताने आणि पाल्याने पुरती मढवतात आणि गात नाचत दारोदार नेतात. घरची बाई बाहेर येऊन त्या पाल्यातल्या मुलीवर पाणी ओतते. आपल्या खेड्यांतून धोंडी काढतात त्याची आठवण कोणाला होणार नाही? उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या एका ख्रिस्ती सणाला मुलींतल्याच राजा, राणी आणि निशाणवाला होत. राजा झालेल्या मुलीच्या हाती नागवी तलवार असे, राणीच्या तोंडावरून पांढरे वस्त्र सोडलेले असे. ती स्टुलावर बसे आणि बाकीच्या तिच्यापुढे गाऊन नाचत. असल्या प्रथा लिहून ठेवण्याच्या योग्यतेच्या आहेत असे त्या आधी तिकडच्या कोणत्या कोशकाराला वाटले असेल?

कोशाने मात्र वादळ उठवले. एक कारण म्हणजे त्यात शिवराळ शब्दही घातले होते. कोश करणाऱ्याने भाषेतले काय ठेवावे नि काय गाळावे हा प्रश्न अवघड आहे. दुसऱ्या आवृत्तीत, १८५२ साली, त्यांनी ते शब्द काढले आणि एकंदर शब्दसंख्या सत्तेचाळीस हजारांवर नेली. दुसरे कारण अक्षरांचे. वुक यांनी जुन्या लिपीतली निरुपयोगी अक्षरे टाकून दिली आणि जे उच्चार लिहायची सोय नव्हती त्यांना नवी अक्षरे दिली. एक ध्वनी, एक अक्षर. एकूण अक्षरे तीस. देवनागरीत वाढलेल्या आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण तिकडे हा धर्मावर घाला मानला गेला. एक अक्षर त्यांनी रोमन लिपीतून उचलले होते. ते लोकांना कॅथलिक करण्याचे कारस्थान आहे असा ओरडा झाला. कार्लोव्हत्सीचे धर्मप्रमुख स्त्रातिमिरोविच यांनी जन्मभर त्यांना विरोध केला. वुकही काही गप्प बसणारे नव्हते. त्यांच्या टीकालेखांत जी धार आहे ती वाचून कधीकधी प्रतिपक्षाची दया येते.

याच वर्षी त्यांनी व्हिएन्नात आना क्राउस या मुलीशी लग्न केले. ती जर्मन बोलणारी, कॅथलिक. नवरा परदेशी, लंगडा, कर्जबाजारी आणि गाणी गोळा करीत महिनोन्महिने बाहेर. तेरा मुले झाली. त्यांतली फक्त दोन आईबापांच्या मागे उरली. चेटकिणींना भिवविणारे नाव येथे कोणाच्या कामी आले नाही. ज्या गाण्यांसाठी हा संसार असा ओढग्रस्तीत चालला ती आनाबाईंच्या भाषेतही नव्हती. वुक यांच्या चरित्रांतून तिच्या वाट्याला चार ओळी येतात. पण घर तिने सांभाळले नसते तर व्हिएन्नातल्या त्या टेबलावर कागद पसरले गेले नसते, हे सांगायला चरित्रकार कशाला हवा?

सर्बियात दार बंद असताना जर्मनीत ते उघडले. १८२३ साली वुक तिकडे गेले. परीकथांचे संग्राहक म्हणून आपल्या मुलांनाही ठाऊक असलेल्या ग्रिम बंधूंपैकी थोरले याकोब ग्रिम त्यांचे कैवारी झाले. त्यांनी वुक यांच्या व्याकरणाचे जर्मन भाषांतर केले आणि त्याला प्रस्तावना लिहिली. येना येथील विद्यापीठाने डॉक्टर ही पदवी दिली. वायमारला महाकवी गटे यांची भेट झाली. आपल्या शाकुंतलावर लुब्ध झालेले ते हेच गटे. लाइपझिग येथे गाण्यांच्या संग्रहाचे नवे खंड निघू लागले. बायकांच्या गाण्यांचा स्वतंत्र खंड १८२४ सालचा. तो वाचून हाले येथील तेरेझे फोन याकोब या विदुषीने सर्बियन भाषा शिकून घेतली आणि १८२५-२६ साली या गाण्यांचे दोन खंडांत जर्मन भाषांतर केले. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे जोडून केलेल्या टोपणनावाने ते छापले गेले. युरोपात ही गाणी जी पसरली ती मुख्यतः या बाईंच्या लेखणीतून.

सर्बियाचे राजे मिलोश ओब्रेनोविच यांच्याशी त्यांचे संबंध मात्र वाकडेच राहिले. मिलोश शूर आणि कावेबाज, पण निरक्षर आणि हुकूमशहा. वुक काही काळ त्यांच्या पदरी होते, १८३१ साली बेलग्रेडच्या न्यायसभेचे प्रमुखही झाले. मग १८३२ साली सरहद्द ओलांडून झेमूनला आले आणि तेथून त्यांनी राजाला एक लांबलचक पत्र लिहिले. प्रजा कशी पिळली जाते, राजा कोठे कोठे अन्याय करतो, हे सारे त्यात तोंडावर सांगितले होते. परिणाम व्हायचा तो झाला. वुक यांच्या अक्षरांत छापलेल्या पुस्तकांना सर्बियात बंदी आली. ही बंदी पुरतेपणी उठली १८६८ साली, तेव्हा वुक जिवंत नव्हते.

असे असून तरुण पिढी त्यांच्याकडे वळली. १८४७ हे साल त्यांच्या दृष्टीने फळाला आले. त्यांनी बोलभाषेत केलेला बायबलच्या नव्या कराराचा अनुवाद त्याच वर्षी निघाला आणि ब्रांको रादिचेविच या तरुण कवीचा पहिला संग्रहही. गुराख्यांच्या भाषेत काव्य होऊ शकते हे आता वादाने सिद्ध करायचे उरले नाही. त्यांची सगळीच मते पटण्यासारखी होती असे नव्हे. १८४९ साली छापलेल्या एका लेखात त्यांनी शेजारच्या पुष्कळ लोकांना भाषेवरून सर्ब ठरवून टाकले, आणि त्यावरून क्रोएट लोकांशी जो वाद लागला तो अजून शमलेला नाही.

मुलगी मिना ही म्हातारपणची त्यांची उजवी बाजू. १८२८ साली जन्मलेली ही मुलगी चित्रकार होती. वडिलांनी जमवलेल्या लोककथा तिने जर्मनमध्ये आणल्या आणि १८५४ साली त्या याकोब ग्रिम यांच्या प्रस्तावनेसह बर्लिनला छापल्या गेल्या. वडिलांच्या आणि मुलीच्या पुस्तकांना एकाच पंडिताचा आशीर्वाद मिळण्याचे भाग्य विरळाच. १८५८ साली तिचे लग्न झाले, आणि पुढच्याच वर्षी नवरा गेला. ती एका मुलासह मागे राहिली.

७ फेब्रुवारी १८६४ रोजी वुक व्हिएन्नात वारले. १८९७ साली त्यांच्या अस्थी बेलग्रेडला आणून मुख्य चर्चच्या दाराशी पुरल्या.

त्यांच्या कागदांत न छापलेली पुष्कळ गाणी निघाली. त्यांत कोलोच्या फेरात नाचता नाचता ओरडून म्हणायच्या दोन दोन ओळींचा मोठा साठा होता. त्यातल्या बऱ्याच जराशा चावट आहेत, आणि फेरात उभे राहिल्यावर कोणाची जीभ जरा सैल होत नाही? वुक यांनी त्या टाकून न देता निराळ्या बांधून ठेवल्या होत्या. बेलग्रेडच्या विद्वत्परिषदेने त्या १९७४ साली छापल्या.

एक मोठी गोष्ट मात्र वुक यांच्या हातून राहिली. शब्द त्यांनी टिपले. पण सहा चाली सोडल्या तर सूर आणि पावले कागदावर आली नाहीत. त्यांना संगीताची लिपी येत नव्हती आणि पाय तर नाचण्याजोगा नव्हताच. सुरांचे काम पुढे नेगोतिनच्या स्तेवान मोक्रान्यात्स या संगीतकाराने केले. निरनिराळ्या प्रांतांतली गाणी गुंफून त्यांनी १८८३ ते १९०९ या काळात पंधरा समूहगीतमाला रचल्या. पावलांचे काम राहिले होते, ते दोन बहिणींनी अंगावर घेतले. ल्युबित्सा आणि दानित्सा यांकोविच, एक वस्तुसंग्रहालयात काम करणारी आणि दुसरी ग्रंथालयात. खेडोपाडी जाऊन त्या म्हाताऱ्या बायकांबरोबर फेरात उभ्या राहत, पाऊल आपल्या पायात उतरवून घेत आणि मग कागदावर. त्यासाठी खुणांची एक लिपीही त्यांनी स्वतः बसवली. पहिला खंड १९३४ साली निघाला. दानित्सा १९६० साली गेली. आठवा खंड थोरल्या बहिणीने एकटीने पुरा केला आणि १९६४ साली छापला, त्या वर्षी वुक यांना जाऊन शंभर वर्षे झाली होती.